नाक माझ्याकडे

पहिल्या दिवशी ते भजनी मंडळाच्या पेटीवर जाऊन आपटलं.
अठ्ठावीस ग्रॅम. रिकाम्या पाकिटाहून हलकं.
पेटी एका सुरात दुखावली, बास.

बाहेर उडवायचं नाही.
ऋजुतानं मोबाइलवर नकाशा दाखवला :
विमानतळ, नौदल, तुर्भे,
वर्तुळावर वर्तुळ, अख्खी मुंबई लाल,
गोवर उठल्यासारखी.
"काका, आपल्या वाट्याला हॉल."

तर कन्नमवार नगरातला सोसायटीचा हॉल,
दुपारी दोन ते चार, पंखे बंद,
अंगठे घामानं सटकतात म्हणून खिशात पावडरची डबी.
खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या,
त्यांच्या पायांमधनं जायचं.
ऋजुता घाडीगांवकर, वय पंधरा,
गणितात काठावर पास,
माझी उस्ताद.

मी एकतीस वर्षं गोदीत क्रेनवर होतो.
जहाजाच्या पोटातून बॉयलर उचललेत,
कोंबडीखालून अंडं काढावं तसे.
खालून हुकवाला ओरडायचा, हबेस! की वर.
आरिया! की खाली.
बायको म्हणते, अजून झोपेत डावी मूठ वळते.

म्हणून वाटलं, दांडे तर दांडे,
हे तर करंगळीएवढे.
पण क्रेन फिरली की मीही फिरायचो, तिच्या पोटात बसून.
तिचं डावं तेच माझं डावं.
हे पोरटं गर्रकन वळतं,
माझ्याकडे तोंड करून उभं राहतं,
आणि त्या क्षणी माझं डावं त्याचं उजवं होतं.
मी म्हणतो इकडे, ते जातं तिकडे.
मी घाबरून आणखी इकडे,
ते आणखी तिकडे,
आणि ठोक्,
माजी सेक्रेटरींची तसबीर.

वहीत हिशेब आहे : पाती सतरा, मोटर एक,
ट्यूबलाइट एक, भरपाई दिली, पावती घेतली.

ऋजुता हसली नाही.
"डावं-उजवं सोडा काका.
ते ज्या अंगाला कलतंय ना, त्या अंगाला काठी न्या.
पडत्या भिंतीला टेकू लावतो तसं."

टेकू.
हा शब्द मला कळतो.
आमच्या बिल्डिंगला आठ वर्षं टेकूच आहेत,
रिडेव्हलपमेंट होईपर्यंत.

मग महिनाभर नुसतं एवढंच.
नाक माझ्याकडे, डोळ्यांच्या उंचीला, दोन हातांवर,
दहा मोजेपर्यंत जागचं हलू द्यायचं नाही.
तीनला जायचं. पाचला जायचं.
एकदा नऊला गेलं, मी रागानं पाय आपटला,
गुडघा माझाच दुखला.
चार मिनिटं उडणं, चाळीस मिनिटं चार्जिंग.
त्या चाळीस मिनिटांत मी तिला दोराच्या गाठी शिकवल्या.
तिला पहिल्या झटक्यात जमल्या,
मला जरा वाईट वाटलं.

काल मी टेकू लावायला गेलोच नाही.
म्हणजे अंगठा गेला असेल,
मला विचारून गेला नाही.
ते समोर गुणगुणत होतं, डासासारखं,
तोंड माझ्याकडे, आणि मी
कुठलं डावं कुणाचं हे आठवतही नव्हतो.
दहा झाले. वीस झाले. मग मोजणं राहिलं.
ऋजुता भिंतीला टेकून मोबाइलमध्ये.
मी हाक मारली नाही,
मारली असती तर पडलं असतं.

चौथ्या मिनिटाला त्याचा दिवा लुकलुकला.
मी पुटपुटलो, आरिया.
ते आलं खाली
सतरंजीच्या निळ्या पट्ट्यावर,
पाती फिरत राहिली थोडी, मग तीही नाही.

तिनं मान वर न करता विचारलं,
"आवाज का थांबला? पडलं?"

"नाही," म्हणालो.
"उतरवलं."